काही होत नसताना करायची तपासणी: केसपेपरपासून पुढच्या तारखेपर्यंत

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक चिठ्ठी सात महिने पडून होती. गावात महिलांच्या तपासणीचं शिबिर झालं तेव्हा मिळालेली. इंग्रजीत दोन शब्द आणि खाली सही. जाऊबाई सातवी शिकलेल्या, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. शिबिरात गर्दी होती. ‘पुढं दाखवून घ्या’ एवढंच त्यांना सांगितलं गेलं. पुढं म्हणजे कुठं, किती दिवसांत, कशासाठी, हे कुणी बोललं नाही. त्यांना त्रास काहीच नव्हता आणि सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती. चिठ्ठी ट्रंकेत गेली.

उन्हाळ्यात मी पुण्याहून धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले, पुतणीच्या दाखल्यासाठी रेशनकार्ड काढलं, तेव्हा ती हातात आली. त्यावर लिहिलं होतं, ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी करतात त्या तपासणीत डाग दिसला होता.

त्यानंतरच्या दीड महिन्यात आम्ही दोघींनी ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि कॅन्सरचं रुग्णालय अशा फेऱ्या मारल्या. कॅन्सर झालेला नव्हता, पण त्याच्या आधीची शेवटची पायरी होती. दुखणं नाही, रक्त नाही, तरी ती तिथं होती. उपचार झाले, आज त्या ठणठणीत आहेत. त्या फेऱ्यांमध्ये कोणता कागद लागतो, कोणत्या दिवशी जाऊ नये, कुणाला काय विचारायचं हे एकेक करून कळलं. ते आधी माहीत असतं तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या, म्हणून इथं क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीला एक फरक समजून घ्या

ही तपासणी ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्यासाठी असते. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं काही न दुखवता वाढत राहतात. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तर एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग रेंगाळल्यावर साधारण दहा ते वीस वर्षांनी होतो. एवढ्या वर्षांत कॅन्सरच्या आधीचा बदल पकडला, तर बहुतेक वेळा दिवसभरात घरी सोडता येईल अशा उपचारावर भागतं.

त्रास सुरू झाला असेल तर गोष्ट वेगळी. स्तनात गाठ लागते आहे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातं आहे, संबंधानंतर रक्त दिसतं, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, थुंकीतून किंवा शौचातून रक्त जातं, कारण नसताना वजन उतरतं आहे, यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट बघू नका. सरळ डॉक्टर गाठा आणि ‘रूटीन चेकअपला आलोय’ असं म्हणू नका, त्रास सांगा. आमच्याकडे लाजेपोटी त्रास लपवायचा आणि ‘सहज तपासायला आले’ म्हणायचं अशी पद्धत आहे. त्यानं डॉक्टरची दिशाच चुकते.

१. कुणी काय तपासायचं ते ठरवा

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी, आणि बायकांसाठी स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड, एवढं ठरलेलं आहे. सुरुवात म्हणून ही पाच नावं पाठ असली तरी पुष्कळ झालं.

गावात आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, यांवर गुण देतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढं गेली की गुण वाढतात. बेरीज चारच्या वर गेली तर तुम्हाला आधी बोलावतात. कमी आली तरी तपासणी तुमची आहेच, ती चुकवायची नाही.

यात घरचा इतिहास जोडा. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, वडिलांना किंवा भावाला मोठ्या आतड्याचा, किंवा पन्नाशीच्या आत हार्ट ॲटॅक आला असेल, तर तुमची तपासणी लवकर सुरू होते आणि वेगळीही असू शकते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथल्या तरुण मुलामुलींनी लग्नाआधी ती एक तपासणी करून घ्यावी.

२. कुठं जायचं

गावाकडे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, ज्याच्या पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं. तिथं बीपी, ग्लुकोमीटरवर शुगर आणि तोंड बघतात. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सगळीकडे रोज होत नाही. प्रशिक्षित सिस्टर कोणत्या वारी असतात हे आशाताईंना विचारून घ्या. आम्ही पहिल्या वेळी न विचारता गेलो आणि तीस किलोमीटर परत आलो. शहरात ‘आपला दवाखाना’ आणि महापालिकेची रुग्णालयं आहेत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची, त्यांचे दर वेगळे.

३. पिशवीत काय घ्यायचं

- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल, कारण ओटीपी त्यावरच येतो
- रेशनकार्ड
- आभा क्रमांक, म्हणजे चौदा आकडी आरोग्य खातं, असेल तर. नसेल तर तिथं काढून देतात
- जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं. गोळीचं नाव आठवत नसतं, पाकीट खोटं बोलत नाही
- एक वही आणि पेन
- घरचा डबा, कारण उपाशीपोटी रक्त दिल्यावर चक्कर येते आणि रांग मोठी असते

आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळतात का ते घरीच बघा. जाऊबाईंचं एकावर माहेरचं आणि एकावर सासरचं नाव होतं. तपासणीला त्याची अडचण आली नाही, पण पुढं उपचारासाठी योजनेचे कागद करताना चार दिवस गेले.

४. आदल्या दिवशीची तयारी

शुगरसाठी आठ ते दहा तास पोटात काही नको. साधं पाणी चालतं. बिनसाखरेचा चहा चालत नाही, ‘घोटभर’ही नाही. शुगरची गोळी चालू असेल तर ती सकाळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी विचारा. उपाशीपोटी गोळी घेऊन रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे. बीपीची गोळी बहुधा चुकवायची नसते, पण तेही एकदा विचारून घ्या.

गर्भपिशवीच्या तपासणीसाठी पाळीचे दिवस टाळा. आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आत ठेवायची कुठलीही गोळी किंवा मलम नको. सैल साडी किंवा परकर असलेला बरा. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, जाताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, फिल्मवर ते ठिपक्यांसारखं दिसतं.

मिश्री, तंबाखू, चहा हे बीपी मोजायच्या आधी अर्धा तास बंद.

५. आत गेल्यावर काय होतं

बीपीला घाई करू देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेलं, हात छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. ब्लाउजच्या घट्ट बाहीवर किंवा स्वेटरवर बांधलेला पट्टा चुकीचा आकडा देतो. १४०/९० किंवा जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. एका आकड्यावर कुणी आजारी ठरत नाही. १८० च्या पुढं गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. जाऊबाईंसोबत आमचे मामंजी सहज आले होते, त्यांचं १६८ निघालं. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं, तेवढंच. आज ते एका गोळीवर आहेत.

शुगर बोटाला टोचून बघतात. ती १४० च्या वर आली तर उपाशीपोटीच्या तपासणीला पाठवतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.५ ला मधुमेह दाखवते, पण अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवतो. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की हिमोग्लोबिन शेजारी ठेवूनच तो रिपोर्ट वाचावा.

तोंडाची तपासणी दोन मिनिटांची. कवळी काढायची, चूळ भरायची, सिस्टर बॅटरीच्या उजेडात गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघतात. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरलेली जखम, आणि तोंड किती उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते घरीही बघता येतं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू मिटत जातं आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तोंडं मिटत आहेत. आणि बायकांना कुणी विचारतच नाही. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं मिश्री लावत आल्या. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ‘नाही’ असतं, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. त्यांच्या खालच्या हिरडीला, नेमकी जिथं मिश्री धरतात तिथं, नखाएवढा पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी मिश्री बंद करायला लावली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हा तुमच्या घरी मिश्रीची डबी असेल तर तपासणाऱ्या सिस्टरला तो शब्द उच्चारून सांगा.

स्तनांची तपासणी सिस्टर हातानं करतात, काखेसकट. पडदा आहे का, दुसरी बाई सोबत थांबू शकते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी अशी हाताची तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले.

आता व्हीआयए, जिची सगळ्यात जास्त भीती असते. टेबलावर झोपवून, पाय वर घेऊन, एका साधनानं आतला मार्ग जरा उघडतात. ॲसेटिक ॲसिडचं सौम्य पाणी कापसानं गर्भपिशवीच्या तोंडाला लावतात. ते व्हिनेगरचंच मूळ द्रव्य, त्यामुळे खोलीत लोणच्यासारखा आंबट वास येतो. एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथं पांढरा डाग उमटतो. ना सुई, ना टाका. थोडी चुरचुर होते. श्वास सोडून कंबर सैल सोडली की साधन लागत नाही, हे मला सिस्टरनं सांगितलं. मी माझीही तपासणी त्याच दिवशी करून घेतली. पाळी गेलेल्या बायकांमध्ये ती जागा आत सरकते आणि व्हीआयए नीट दिसत नाही, त्यांनी एचपीव्ही किंवा पॅप (तिथल्या पेशी घेऊन बघायच्या) तपासणीबद्दल विचारावं.

या तपासणीबद्दलचं जगभर वाचलं जाणारं काम आमच्याच मातीतलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आणि टाटा मेमोरियलनं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेसोबत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ महिलांवर अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हीआयएनं मात्र तेवढा फरक पडला नव्हता. मुंबईत दीड लाख महिलांच्या अभ्यासात व्हीआयए दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केली, तीही दहावी शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा व्हीआयए केली आणि ‘माझं झालं’ असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

६. निघण्याआधी चार प्रश्न विचारा

बहुतेकांची तपासणी इथंच अर्धी राहते. आमची राहिलीच होती. केसपेपर हातात घेऊन सरळ बाहेर पडू नका. सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारा:

रिपोर्ट काय आला? त्याचा अर्थ मराठीत सांगा. पुढं जायचं असेल तर कुठल्या रुग्णालयात, कुठल्या विभागात, कोणत्या वारी? किती दिवसांच्या आत?

उत्तरं वहीत तिथंच लिहा. केसपेपरचा फोटो काढा आणि घरातल्या एका वाचणाऱ्या माणसाला पाठवा. रक्ताचा रिपोर्ट नंतर येणार असेल तर तो आपण आणायचा आहे की आशाताई देणार आहेत ते ठरवून घ्या. ‘काही असतं तर फोन आला असता’ असं कधीच धरून चालू नका. फोन आला नाही याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की नंबर चुकीचा लिहिला गेलाय.

७. पॉझिटिव्ह आलं तर

पहिल्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, एवढंच सगळ्यांना माहीत. खरं तर व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो; साध्या सुजेमुळेही डाग दिसतो. त्याचा अर्थ, नीट बघायला हवं.

नीट बघणं म्हणजे कोल्पोस्कोपी, भिंगाच्या यंत्रातून तीच जागा मोठी करून बघणं. संशय आला तर तिळाएवढा तुकडा काढतात, ती बायोप्सी. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ असं आम्हाला तीन जणांनी सांगितलं, त्यात एक शिकलेला माणूस होता. हे खरं नाही. बायोप्सीशिवाय उपचार ठरवताच येत नाही.

आधीची पायरी निघाली तर ती जागा उष्णतेनं किंवा थंडाव्यानं नष्ट करतात, नाहीतर तारेच्या छोट्या कडीनं तेवढा भाग काढतात. जाऊबाईंचा तो भाग काढला. सकाळी गेल्या, संध्याकाळी घरी आल्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. ती चिठ्ठी बघून एका खासगी डॉक्टरांनी आम्हाला थेट ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगितलं. कोल्पोस्कोपी नाही, बायोप्सी नाही. आम्ही जवळजवळ तयार झालो होतो, कारण घाबरलेल्या माणसाला ‘मिटेल’ हा शब्द फार गोड वाटतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं समोर आलं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. तरुण वयात पिशवी आणि अंडाशय गेले की हाडं, हृदय, सगळ्यावर त्याचा भार येतो. बायोप्सीचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पिशवी काढायला सही करू नका.

उपचार मोठा निघाला तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाच्या मदतनिसाचं टेबल असतं. पैसे भरायच्या आधी तिथं जा आणि आपला उपचार बसतो का ते विचारा.

८. पॅकेजबद्दल

‘फुल बॉडी, सत्तर तपासण्या’ अशा जाहिराती रोज येतात. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाचजण तिच्या बाहेर पडतात. वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या तर निरोगी माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरात छापून यायची शक्यता निम्म्याहून जास्त. मग त्या आकड्यामागं सोनोग्राफी, सीटी, झोप उडणं. कॅन्सर शोधतो म्हणून विकली जाणारी सीए-१२५ तपासणी पाळीत आणि कॅन्सर नसलेल्या गाठींमुळेही वाढते. आणि त्या सत्तरांमध्ये कुणी तोंडात बॅटरी मारून बघत नाही, गर्भपिशवीचं तोंड बघत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर एचपीव्ही तपासणीवर करा, चाळिशीपुढं डॉक्टरांच्या सल्ल्यानं मॅमोग्राफीवर करा. शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन.

९. पुढची तारीख

बीपी आणि शुगर दर वर्षी. तोंड, स्तन आणि गर्भपिशवी यांचं सरकारी वेळापत्रक पाच वर्षांचं आहे. तंबाखू-मिश्री असेल तर तोंड त्याहून लवकर, आणि एकदा पॉझिटिव्ह आलेल्यांना डॉक्टर सांगतील तेव्हा. वाढदिवस किंवा एखादा सण धरला तर विसरत नाही. आमच्याकडे दसरा धरलाय, कारण मागच्या वेळी काढणीच्याच दिवसांत ती चिठ्ठी ट्रंकेत गेली होती.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जाऊबाईंची तारीख मी लिहिली होती, त्यांनी ती खोडून आठ दिवस पुढं ढकलली. पाळीचा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता, त्यांच्या आला. यंदा शेजारच्या दोघी त्यांच्यासोबत निघाल्या आहेत, दोघी पहिल्यांदाच. जाऊबाईंनी त्यांना सैल परकर, रेशनकार्ड आणि वही सांगितली आहे, आणि चिठ्ठी मिळाली की रुग्णालयाच्या आवारातूनच फोटो मला पाठवायचा असं बजावलं आहे.